विश्लेषण : ऑलिम्पिकचा ‘एमी’विजेता दिग्दर्शक ‘बी-ग्रेड’ चित्रपटांकडे का वळला? त्याच्या ‘हनी शॉट’वर आजही वाद का?

शाहू स्टेडियमवर पेठांच्या संघांचा फुटबॉल सामना असला की मैदानाइतकीच चुरस गॅलरीत असते. हे सामने आता मोबाइलवरही थेट पाहता येतात. त्यामुळे चेंडू सोडून कॅमेरा प्रेक्षकांकडे कधी आणि कोणावर वळवायचा, हा प्रश्न मोठ्या वाहिन्यांपुरता राहिलेला नाही. या सवयीचे मूळ शोधताना अमेरिकेतील अँडी सिडारिस हे नाव समोर येते. त्यांची कारकीर्द ऑलिम्पिकच्या प्रक्षेपणापासून स्वस्तातल्या मारधाडपटांपर्यंत गेली.

अँडी सिडारिस कोण होते?

१९३१ मध्ये शिकागोत जन्मलेले सिडारिस लुईझियाना राज्यातील श्रीव्हपोर्ट येथे वाढले. एबीसी वाहिनीवर १९६१ मध्ये ‘वाइड वर्ल्ड ऑफ स्पोर्ट्‌स’ हा कार्यक्रम सुरू झाला. त्याचे दिग्दर्शन त्यांनी अनेक वर्षे केले. फुटबॉल आणि बास्केटबॉलचे असंख्य सामने त्यांनी प्रेक्षकांपर्यंत पोहोचवले. १९६८ च्या मेक्सिको ऑलिम्पिकच्या प्रक्षेपणासाठी त्यांना एमी पुरस्कार मिळाला.

थेट प्रक्षेपणाचा दिग्दर्शक मैदानाबाहेरच्या व्हॅनमध्ये बसतो. समोर प्रत्येक कॅमेऱ्याचा स्वतंत्र पडदा असतो. त्यातले कोणते दृश्य घरोघरी जाईल, हे त्याला क्षणात ठरवावे लागते. चुकले तर रिटेक नसतो. सिडारिस यांची उमेदवारी या शाळेत झाली.

‘हनी शॉट’ म्हणजे काय?

निर्माते रून आर्लेज १९६० मध्ये एबीसीच्या क्रीडा विभागात आले. घरी बसलेल्याला आपण स्टेडियममध्येच आहोत असे वाटले पाहिजे, खेळ न कळणाराही पडद्यासमोर खिळला पाहिजे, असे त्यांचे धोरण होते. म्हणून कॅमेरे गर्दीत, बँडकडे, प्रशिक्षकांच्या चेहऱ्यांवर फिरू लागले. अमेरिकी फुटबॉलमध्ये खेळ वारंवार थांबतो. ती मोकळी सेकंदे कशाने भरायची, हा प्रश्न रोजचाच होता.

सिडारिस यांनी ती प्रेक्षकांतील तरुणी आणि चीअरलीडर यांच्या जवळून घेतलेल्या दृश्यांनी भरली. त्यालाच ‘हनी शॉट’ असे नाव पडले. या प्रकाराचे जनक म्हणून त्यांचेच नाव घेतले जाते.

चित्रपटांकडे का वळले?

सुरुवात खेळातूनच झाली. अभिनेता जेम्स गार्नर यांच्या मोटार शर्यतीच्या संघावर त्यांनी ‘द रेसिंग सीन’ हा माहितीपट केला. १९७३ मध्ये ‘स्टेसी’ आणि १९७९ मध्ये ‘सेव्हन’ हे कथापट आले. खरा जम बसला तो १९८५ च्या ‘मालिबू एक्सप्रेस’पासून. १९९८ पर्यंत त्यांनी या धाटणीचे दहा चित्रपट दिग्दर्शित केले.

एका तिकिटात दोन चित्रपट दाखवण्याच्या काळात मुख्य चित्रपटाला जोड म्हणून दिल्या जाणाऱ्या कमी खर्चाच्या चित्रपटाला ‘बी’ चित्रपट म्हणत. ऐंशीच्या दशकात व्हिडिओ कॅसेट आणि रात्री उशिराच्या केबल वाहिन्यांनी अशा चित्रपटांना नवी बाजारपेठ दिली. सिडारिस यांनी ती ओळखली. पत्नी आर्लीन निर्मिती सांभाळत. कलाकार बहुतेक तेच, अनेकदा हवाई बेटांची पार्श्वभूमी आणि ‘प्लेबॉय’ मासिकातील मॉडेल गुप्तहेरांच्या भूमिकेत, असा साचा ठरून गेला.

१९८७ च्या ‘हार्ड टिकेट टू हवाई’मध्ये एक महाकाय विषारी साप सुटतो आणि खेळातली फ्रिस्बी धारदार पाती लावून शस्त्र बनते. १९९६ च्या ‘डे ऑफ द वॉरियर’मध्ये खलनायक म्हणून त्यांनी व्यावसायिक कुस्तीतला मल्ल मार्कस बॅगवेल याला घेतले. खेळाचे मैदान सुटले, तरी खेळाडूंची शरीरे आणि वेग त्यांच्या चौकटीतून गेले नाहीत.

टीका कोणती?

समीक्षकांनी हे चित्रपट कधी गांभीर्याने घेतले नाहीत. ठरावीक चाहत्यांनी मात्र ते डोक्यावर घेतले. त्यांत गंमतही आहे. नायिका अचूक नेम साधतात, नायकाचा नेम मात्र हमखास चुकतो. पण गोळी कोणीही झाडली तरी कॅमेरा नायिकेच्या शरीरावरच रेंगाळतो. तो ‘हनी शॉट’च होता, फक्त दीड तासांचा.

चित्रपटातील अभिनेत्रीला कॅमेरा असल्याचे माहीत असते, तिने करार केलेला असतो. गॅलरीतील तरुणीला कोणी विचारलेले नसते. मूळ आक्षेप इथेच आहे. २०१९ च्या आयपीएलमध्ये काही सेकंद पडद्यावर दिसलेली एक तरुणी रातोरात ‘व्हायरल’ झाली. त्यानंतर आपल्याला अश्लील संदेश आणि छळ सोसावा लागला, असे तिनेच जाहीरपणे सांगितले. त्याआधी, २०१८ च्या विश्वचषकात, प्रेक्षकांतील आकर्षक तरुणींची जवळून घेतलेली दृश्ये कमी करण्यास ‘फिफा’ने प्रसारकांना सांगितले होते.

कोल्हापूरशी संबंध काय?

आपल्याकडे खेळ आणि सिनेमा पहिल्यापासून शेजारी आहेत. सावेदादा म्हणजे हरिश्चंद्र भाटवडेकर यांनी १८९९ मध्ये मुंबईत कुस्तीचे चित्रीकरण केले. भारतीयाने केलेल्या अगदी पहिल्या चित्रीकरणांत त्याची गणना होते. बाबूराव पेंटर यांच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीत सुरुवात करणारे मास्टर विठ्ठल मारधाडपटांचे नायक झाले आणि १९३१ च्या ‘आलम आरा’चेही. चपळाई विकणारा स्वस्त चित्रपट या मातीला परका नाही.

आज सामना चित्रित करणारे हात उद्या लघुपट करू शकतात. सिडारिस यांच्याकडून त्यांना घेण्यासारखे बरेच आहे : कमी माणसांत काम उरकणे, हाताशी असेल ते वापरणे, झटपट निर्णय घेणे. सोडण्यासारखे एकच आहे. खेळ थांबला की गॅलरीत हलगी असते, झेंडे असतात, गोल हुकल्यावर डोक्याला हात लावणारे आजोबा असतात. मोकळी सेकंदे त्यांनीही भरतात. २००७ मध्ये, वयाच्या ७६ व्या वर्षी सिडारिस गेले. त्यांनी लावलेली सवय मात्र अजून मैदानात आहे. ती ठेवायची की नाही, हे कॅमेऱ्यामागे उभा असलेला प्रत्येक जण दर सामन्यात ठरवत असतो.