राहिलेलं बटण

सीईटीच्या पहिल्याच सराव चाचणीत भाचीची बारा उत्तरं वाया गेली. ती चुकली नव्हती. पर्यायावर टिचकी मारून ती थेट पुढच्या प्रश्नाच्या आकड्यावर जायची आणि ‘सेव्ह अँड नेक्स्ट’ दाबायचं राहून जायचं. बाजूच्या चौकोनांत हिरव्याऐवजी लाल रंग दिसत होता. त्याचा अर्थ तिला कुणी सांगितलाच नव्हता. “मामा, येत होतं रे मला हे सगळं,” म्हणाली आणि तिचे डोळे भरून आले.

आमच्या श्रीवर्धनकडची मुलं अभ्यासात कमी पडतात, असं मला वाटत नाही. पण बारावीपर्यंत त्यांनी पेपर दिलेले असतात ते कागदावर. घरात मोबाइल एकच, तोही आईचा. म्हणून गावातल्या संगणक केंद्रात जागा मागितली आणि तीन रविवार मी तिच्यामागे खुर्ची टाकून बसलो.

इंजिनिअरिंगच्या पीसीएम गटात फिजिक्स आणि केमिस्ट्रीचे प्रत्येकी 50 प्रश्न, एकेका गुणाचे. दोन्हींना मिळून 90 मिनिटं, म्हणजे एका प्रश्नाला 54 सेकंद. ही भिंगाच्या एकाच उदाहरणावर चार मिनिटं झुंजायची! मग केमिस्ट्री आधी घ्यायचं ठरलं, कारण तिथे बरंचसं आठवतं किंवा आठवत नाही, रेंगाळायला जागा कमी. 90 मिनिटं संपली की गणित उघडतं आणि मागे फिरता येत नाही. गणिताचे 50 प्रश्न, पण प्रत्येकी दोन गुणांचे. 200 पैकी निम्मे गुण तिथेच. गणिताचे प्रश्न इंग्रजीतच असतात. साधारण 20 टक्के भाग अकरावीचा, तो मुलं विसरलेली असतात. चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत, तेव्हा कोरा प्रश्न सोडणं हे निव्वळ नुकसान. शेवटची पाच मिनिटं त्यासाठीच ठेवायची, हे तिच्या वहीच्या पुठ्ठ्यावर मोठ्या अक्षरांत लिहिलं.

परीक्षेचं केंद्र अलिबागकडचं, सत्र सकाळचं. त्याच दिवशी निघून पोचणं शक्य नव्हतं. आदल्या दुपारी दिघीहून फेरीबोटीनं आगरदांडा गाठलं, रात्री नातेवाइकांकडे राहिलो. गेटवर हॉल तिकीट आणि मूळ ओळखपत्र पाहिलं. मोबाइल बाहेर. कच्च्या कामाचे कागद आतच मिळाले. तीन तासांनी ती बाहेर आली आणि पहिलं वाक्य बोलली, “मामा, एकही लाल नाही.”

किनाऱ्यावरच्या शाळा-कॉलेजांतल्या शिक्षकांना विनंती आहे. मार्च-एप्रिलमधल्या रविवारी संगणकाची खोली उघडी ठेवा आणि प्रत्येक मुलाला घड्याळ लावून पूर्ण तीन तासांची चाचणी एकदा तरी देऊ द्या.