आघातोत्तर ताणविकृती : स्वरूप, कारणे व उपाय



३० सप्टेंबर १९९३ रोजी पहाटे चारच्या सुमारास किल्लारी परिसर भूकंपाने हादरला. आदल्या दिवशीच गणेशविसर्जन झाले होते आणि गावे गाढ झोपेत होती. दगडमातीच्या जड भिंती व माळवदे कोसळून हजारो माणसे मृत्युमुखी पडली. अशा प्रसंगातून वाचलेल्या एखाद्या व्यक्तीची कल्पना करा. अनेक महिने लोटले तरी तिला छताखाली झोप येत नाही. रस्त्यावरून ट्रक गेल्याने जमीन थरथरली तरी ती घराबाहेर धाव घेते. भूकंप संपला आहे हे तिला कळते. पण भीती ओसरत नाही. असे का होते?

भयंकर अनुभवानंतर काही दिवस झोप उडणे, दचकणे स्वाभाविक असते आणि बहुतेक व्यक्ती हळूहळू सावरतात. मात्र पुढील लक्षणे महिन्याहून अधिक काळ टिकून दैनंदिन जीवन विस्कळीत झाले, तर त्या अवस्थेस आघातोत्तर ताणविकृती म्हणतात :

(अ) पुनरनुभव : दुःस्वप्ने पडणे, प्रसंग पुन्हा घडत असल्यासारखे वाटणे.
(आ) परिहार : त्या प्रसंगाची आठवण देणारी ठिकाणे, माणसे व विषय टाळणे.
(इ) विचार व भावनांतील बदल : ‘मीच का वाचलो?’ असा अपराधभाव, आप्तांविषयी दुरावा.
(ई) अतिसावधता : सतत दक्ष राहणे, चिडचिड, निद्रानाश.

सामान्य आठवणीला स्थळकाळाची चौकट असते. ‘ते तेव्हा घडले’ हे आपण जाणतो. तीव्र भीतीच्या क्षणी ही चौकट नीट बसत नाही. त्यामुळे साधा आवाज किंवा वास भूतकाळातील धोका वर्तमानात आणून उभा करतो. तो टाळल्याने तात्पुरता दिलासा मिळतो. परंतु ‘आता मी सुरक्षित आहे’ हे शिकण्याची संधीही हुकते. म्हणूनच परिहारामुळे विकार टिकून राहतो.

आघातकेंद्री बोधात्मक वर्तनोपचारात तज्ज्ञाच्या मदतीने त्या आठवणीला क्रमाक्रमाने सामोरे जाता येते. गरजेनुसार डॉक्टर औषधेही देतात. कुटुंबीयांनी मात्र ‘विसरून जा’ असे म्हणू नये आणि सारे सांगण्याचा आग्रहही धरू नये. नियमित दिनक्रम, सोबत आणि शांतपणे ऐकून घेणे हाच त्यांचा मोठा आधार होय. शासनाच्या ‘टेली-मानस’ सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर विनामूल्य सल्ला मिळतो.

ही लक्षणे आपल्यात किंवा आपल्या घरात आढळली, तर त्यांना भित्रेपणा समजू नका. तो उपचाराने आटोक्यात येणारा विकार आहे.

स्वयं-अध्ययन प्रश्न : परिहारामुळे भीती कमी होण्याऐवजी का टिकून राहते, ते आपल्या परिसरातील उदाहरणाने स्पष्ट करा.