नख दाबून बघा

सकाळी ८.४५. प्लास्टर रूमचं कुलूप काढलं की आधी बादली धुतो. कालच्या पाण्यात पांढरा गाळ बसलेला असतो. त्यात भिजवलेलं प्लास्टर लवकर आवळतं आणि जास्त तापतं. पाणी नवं आणि कोमटच हवं.

१०.१५. पहिल्या आजी. अंगणातल्या शेवाळावर घसरल्या, हात टेकला, मनगट मोडलं. डॉक्टरांनी हाड बसवलं, मी कच्चं प्लास्टर घातलं, म्हणजे एका बाजूने पट्टा आणि वरून बँडेज. लेकाला पटेना. "पक्कंच घाला ना, दादा. परत खेप नको." एसटीने येणाऱ्याला खेप किती महाग पडते, मला माहीत आहे. पण पहिले दोन-तीन दिवस सूज चढते, आणि चहूकडून बंद प्लास्टर तसूभरही ताणत नाही. मग सूज आतच दाबत राहते. आजींना म्हटलं, "आता गरम लागेल, घाबरू नका, ते घट्ट होतंय." ओलं प्लास्टर तळहातावर तोलायचं, बोटाचा खड्डा पडला तर आत त्याच जागी जखम होते.

११.३०. सहा आठवड्यांनी पाय उघडायला आलेला पोरगा करवत बघून रडू लागला. पातं फिरत नाही, नुसतं थरथरतं. माझ्या तळहाताला लावून दाखवलं. तरी एका जागी धरून ठेवलं तर ते तापून चटका देतं, म्हणून उचलत उचलत कापतो. प्लास्टरमधून एक झाडूची काडी निघाली, खाजवताना अडकलेली. तिथे कातडी सोलली होती.

१.१०. डबा उघडलाच होता, तेवढ्यात एक आई सात-आठ वर्षांच्या मुलाला कडेवर घेऊन आत आली. काल झाडावरून पडला, कोपराच्या वर हाड मोडलं, दुसरीकडे पक्कं प्लास्टर घातलं होतं, कोपर चांगलंच दुमडून. "रात्रभर रडतोय. गोळी दिली, थांबत नाही."

बोटं फुगलेली, गार. नख दाबलं, पांढरं पडलं, गुलाबी व्हायला फार वेळ लागला. डॉक्टर आले, त्यांनी एक बोट हळूच सरळ केलं आणि मुलगा किंचाळला. ही खूण मी ओळखतो. प्लास्टरच्या आत स्नायूंचं रक्त अडतं. तसेच तास जात राहिले तर स्नायू मरतात आणि हात कायमचा आखडतो. "सगळं काप," डॉक्टर म्हणाले. प्लास्टर उभं चिरलं, आतला कापूसही कातडीपर्यंत कापला, कारण रक्ताने भिजून वाळलेला कापूसही तितकाच आवळतो. डॉक्टरांनी कोपर थोडं सैल केलं. बोटांत रंग येऊ लागला. मग ऑपरेशन थिएटरमध्ये नेलं.

मला राग हाड बसवणाऱ्याचा नाही आला. राग आला तो यासाठी, की घरी जाताना त्या आईला कोणी सांगितलं नव्हतं: प्लास्टरनंतर दुखणं कमी व्हायला हवं, वाढलं तर रात्री दोन वाजताही या.

३.३०. आजी अजून बाकावर, एसटी साडेचारची. त्यांच्याच अंगठ्याचं नख दाबायला शिकवलं, लेकाकडूनही करून घेतलं. हात उशीवर, छातीपेक्षा वर. बोटं हलवत राहायची. मुंग्या, बधिरपणा, निळसरपणा दिसला तर सकाळची वाट बघायची नाही. लेकाने पुन्हा एकदा नख दाबून बघितलं.

५.४०. ड्युटी संपल्यावर वॉर्डात गेलो. मुलाच्या हाडात तारा टाकल्या होत्या, हात पट्ट्यावर सैल ठेवलेला. तो झोपला होता. आई उशाशी बसून त्याच्या बोटाचं नख दाबत होती, सोडत होती, पुन्हा दाबत होती.