दिवेलागणीपूर्वीचे दोन तास

शाळा सुटल्यापासून दिवेलागणीपर्यंतचे दोन तास मुलांनी कोठे घालवावेत, हा प्रश्न आमच्या लहानपणी कोणाच्या आईला पडला नसेल. दप्तर कोपऱ्यात टाकायचे, हातावर मिळेल तो खाऊ घ्यायचा आणि अंगणात धूम ठोकायची. दिवे लागले की घरातून हाक येई. आज मी स्वतः आई आहे, आणि याच दोन तासांनी मला गेले वर्षभर चांगलेच छळले. त्याचीच ही हकीगत.

आम्ही राहतो सालवडला. बोईसर स्टेशनावर उतरून तारापूरच्या औद्योगिक वसाहतीकडे निघाले, की आमची वस्ती लागते. आमच्या बाजूला घरोघर कारखान्याची पाळी. एकाच जिन्यावर मालवणी, अहिराणी, भोजपुरी आणि उडिया कानी पडते. आमचे ‘हे’ कारखान्यात, मी कॉलेजात मराठी शिकवते. चिरंजीव आठवीत. शाळेतून येऊन कुलूप उघडायचे आणि रिकाम्या घरात बसायचे, हा त्याचा क्रम.

गेल्या वर्षी तो वस्तीतल्या मैदानावर जाऊ लागला. तेथे एक निवृत्त फोरमन रोज संध्याकाळी मुले जमवतात. मुले त्यांना काका म्हणतात. फी नाही, दारावर पाटी नाही. खेळ, गाणी, गोष्टी आणि झालेल्या भांडणाचा निवाडा, एवढाच कार्यक्रम. मला ते बरे वाटे. पण चाचणीत गणिताचे गुण घसरले आणि माझ्यातली प्राध्यापिका जागी झाली. मैदान बंद, संध्याकाळचा क्लास सुरू! चिरंजीवांनी तक्रार केली नाही. तिसऱ्या दिवशी जेवताना एवढेच विचारले, “आई, मग माझ्या गटाची हजेरी कोण घेणार?”

“कसला गट?”

तेव्हा मला कळले. काकांनी दहा-दहा मुलांचे गट केले होते आणि आमचा हा मुलगा, पाहुणे आले की माझ्या पदराआड लपणारा, दोन महिने गटनायक होता. गटातले कोणी दोन दिवस आले नाही, तर त्याच्या घरी जाऊन चौकशी करायची, हे नायकाचे काम. मागच्या चाळीतला एक मुलगा असाच येईनासा झाला. हा शोधत गेला. मुलाच्या आईला कारखान्यात पाळी लागली होती आणि दोन वर्षांची बहीण सांभाळायला घरी दुसरे कोणी नव्हते. आमच्या नायकाने तोडगा काढला, “मग तिलाही घेऊन ये.” आता ती चिमुरडी मैदानाच्या कडेला चटईवर बसे आणि गटातली मुले पाळीपाळीने तिच्याजवळ थांबत.

माझा घास हातातच राहिला. कारण हा तोडगा माझ्या ओळखीचा होता. ताराबाई मोडकांनी १९४५ साली बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्र काढले. अनुताई वाघ त्यांच्या सोबत होत्या. पुढे हे काम डहाणू तालुक्यातल्याच कोसबाडच्या टेकडीवर गेले. आदिवासी मुले शाळेत का येत नाहीत, याचा त्यांनी घरोघर शोध घेतला. कोणी धाकटे भावंड सांभाळीत होते, कोणी गुरांमागे रानात होते. तेव्हा त्यांनी पाळणाघर, बालवाडी आणि शाळा एकाच आवारात आणली. मूल बालवाडीत येत नाही, तर बालवाडीच त्याच्या अंगणात नेली. गुराख्यांसाठी गुरे चरतात त्या माळावरच कुरणशाळा भरवली. ताराबाईंना १९६२ साली पद्मभूषण मिळाले, पण त्यांचे खरे मोठेपण मला या एका प्रश्नात दिसते : “मूल का आले नाही?” आमच्या मुलाने यातले काही वाचले नव्हते. प्रश्न त्याच्यावर सोपवला गेला, म्हणून उत्तरही त्यालाच सापडले.

ही युक्ती काकांचीही नव्हे. १९०७ साली बेडन-पॉवेल यांनी इंग्लंडमधल्या ब्राउनसी बेटावर वीसेक मुलांची छावणी भरवली. श्रीमंतांच्या शाळेतली मुले आणि कामकऱ्यांची मुले त्यांनी मुद्दाम एकत्र केली, त्यांचे चार गट पाडले आणि प्रत्येक गटाचा नायक त्यांच्यातलाच एक मुलगा केला. बालवीर चळवळ त्यातून उभी राहिली. आपल्याकडे १९४१ साली पुण्यात एस. एम. जोशींच्या नेतृत्वाखाली राष्ट्र सेवा दलाची नवी उभारणी झाली. गावोगावच्या संध्याकाळच्या शाखांत मुलगे आणि मुली एकत्र येऊ लागली. निळू फुले यांच्यासारखा नट सेवा दलाच्या कलापथकातून पुढे आला. कॉलेजात १९६९ पासून राष्ट्रीय सेवा योजना आहे : दोन वर्षांत २४० तास काम आणि सात दिवसांचे निवासी शिबिर. माझ्या तासाला तोंड न उघडणारी मुलगी शिबिरात सगळ्यांच्या स्वयंपाकाचा हिशेब बिनचूक ठेवते, हे मी डोळ्यांनी पाहिले आहे.

आपण मध्यमवर्गीय आईबाप मुलांना काय देत नाही? कपडे देतो, पुस्तके देतो, क्लास देतो. जबाबदारी तेवढी देत नाही. दिलीच तर त्यांच्या स्वतःच्या गुणांची. दुसऱ्या कोणासाठी आपण लागतो, हे ज्या मुलाला कळले, त्याला ताठ उभे राहा म्हणून सांगावे लागत नाही.

अर्थात मैदानावर जाऊन गणित सुटत नाही. क्लास आम्ही सकाळवर नेला, आठवड्यातून तीन दिवस. गुण थोडे सुधारले. आणि मुले जमवणारी प्रत्येक जागा चांगली असते, असेही नाही. पाठवण्यापूर्वी तीन गोष्टी जरूर पाहाव्यात. तेथे मुलाला स्वतःचे असे काही काम आहे का? निरनिराळ्या घरची मुले एकत्र आहेत का? आणि आईबापांना कोणत्याही दिवशी न सांगता डोकावता येते का?

यंदा १४ ऑगस्टला काका मुलांना घेऊन पालघरच्या हुतात्मा स्तंभाकडे गेले. १९४२ साली त्याच दिवशी पालघरच्या कचेरीवर निघालेल्या मोर्चावर गोळीबार झाला आणि पाच जण हुतात्मे झाले. काशिनाथ पागधरे, गोविंद ठाकूर, रामप्रसाद तिवारी, रामचंद्र चुरी आणि सुकुर गोविंद मोरे. यातले मोरे सालवडचे. संध्याकाळी तो मागच्या चाळीतला मुलगा बहिणीला कडेवर घेऊन आमच्या दारात आला. त्याचे घर गोरखपूरकडचे, येथे येऊन दोन वर्षे झालेली. मोडक्या मराठीत मला म्हणाला, “काकू, त्यातला एक आपल्या गावचा होता.”

‘आपल्या’ या शब्दात बोलणारा आणि ऐकणारा दोघेही येतात, हे मी वर्गात कितीदा तरी शिकवले आहे. त्या दिवशी ते मला शिकायला मिळाले.

हल्ली दिवे लागले, की मीही खिडकीत उभी राहून हाक मारते. चिरंजीव लगेच येत नाहीत. आधी गटातली सगळी मुले घरी गेली की नाही, ते पाहतात.