घरचा बंब, गिरणीचा बॉयलर आणि परवानगीचा प्रश्न

बालाघाट हा भाताचा जिल्हा. वैनगंगेच्या खोऱ्यात थंडीची चाहूल लागते तेव्हा एकीकडे खळ्यावर धानाच्या राशी पडू लागतात आणि दुसरीकडे घरोघरी स्नानासाठी पाणी तापविण्याची सोय पाहिली जाते. जुना बंब गळू लागलेला असतो, गिझर नादुरुस्त असतो. आणि उसना तांदूळ तयार करणाऱ्या गिरणीत वाफेचा बॉयलर बदलण्याचे घाटत असते. तिन्ही ठिकाणी प्रश्न एकच विचारला जातो : यासाठी सरकारची परवानगी लागते काय? उत्तर मात्र एक नाही.

बॉयलर कशास म्हणावे?

उघड्या हंड्यात पाणी उकळले की वाफ मोकळी निघून जाते. तेच पाणी बंद भांड्यात तापविले तर वाफेला वाट मिळत नाही. पाण्याची वाफ झाली की साध्या हवेच्या दाबाखाली ती सुमारे १६०० पट जागा व्यापते. ही जागा न मिळाल्यास तिचा दाब भांड्याच्या भिंतींवर पडतो. गिरणी चालविणारी शक्ती हीच आणि भांडे फुटल्यास भिंती उडविणारी शक्तीही हीच. इ. स. १८६३ मध्ये कलकत्त्यास बॉयलरचा स्फोट होऊन अनेकांचे प्राण गेले, तेव्हा पुढील वर्षी बंगालमध्ये तपासणीचा कायदा झाला. पुढे प्रांतोप्रांतीचे निरनिराळे नियम एकसारखे करण्यासाठी १९२३ चा भारतीय बॉयलर अधिनियम आला. त्याची जागा आता बॉयलर अधिनियम, २०२५ ने घेतली असून तो १ मे २०२५ पासून अमलात आहे.

दाबाखाली वाफ तयार करून ती भांड्याबाहेर वापरण्यास देणारे पात्र म्हणजे कायद्याच्या दृष्टीने बॉयलर होय. मात्र पुढील तीन प्रकारची पात्रे त्यातून वगळली आहेत : (१) ज्यांची धारणशक्ती २५ लिटरपेक्षा कमी आहे, (२) ज्यांचा दाब दर चौरस सेंटिमीटरला एक किलोग्रॅमपेक्षा कमी आहे, (३) ज्यांत पाणी १०० अंश सेल्सिअसपेक्षा कमी तापते.

घरातील साधने

यावरून स्पष्ट होते की, तांब्याचा बंब, विजेचा किंवा गॅसचा गिझर, तसेच घरी धान उकडण्याचे उघडे भांडे यांना बॉयलर कायद्याखालील नोंदणी लागत नाही. ती बदलण्यासाठी कोणत्याही निरीक्षकाकडे अर्ज करावयाचा नाही. कोणी त्या नावाखाली शुल्क मागितल्यास ते देऊ नये.

परवानगी नको म्हणून काळजीही नको, असे मात्र नव्हे. विजेचा गिझर मानक चिन्ह पाहूनच घ्यावा, त्याची जोडणी परवानाधारक तारतंत्रीकडून करून घ्यावी आणि अर्थिंग तपासावे. घराचा मंजूर वीजभार अपुरा असल्यास तो वाढवून घेण्यासाठी वीज वितरण कंपनीकडे अर्ज करावा. गॅसचा गिझर बंद न्हाणीघरात बसविणे धोक्याचे आहे. ज्वलन अपुरे झाल्यास कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. या वायूला रंग नाही, वासही नाही. आत असलेला मनुष्य सावध होण्यापूर्वीच बेशुद्ध पडतो. म्हणून असा गिझर न्हाणीघराबाहेर, हवा खेळती असेल तेथेच बसवावा. शिक्षकांनी ही गोष्ट मुलांना अवश्य समजावून सांगावी.

गिरणीतील बॉयलर

उसना तांदूळ तयार करताना भिजविलेल्या धानाला वाफ दिली जाते. त्यासाठी लागणारा, धानाच्या तुसावर चालणारा मोठा बॉयलर पूर्णपणे कायद्याच्या कक्षेत येतो. तो बदलताना पुढील क्रम पाळावा लागतो.

नव्या बॉयलरच्या नोंदणीसाठी मालकाने कागदपत्रे व शुल्क यांसह अर्ज करावा. निरीक्षक ३० दिवसांच्या आतील तारीख ठरवितो आणि मालकास किमान १० दिवस आधी सूचना देतो. तपासणीनंतर नोंदणी क्रमांक मिळतो. तो बॉयलरवर कायमचा उमटवावा लागतो. प्रमाणपत्रात लिहिलेल्या दाबापेक्षा अधिक दाबावर बॉयलर चालविता येत नाही. प्रमाणपत्राची मुदत सामान्यतः बारा महिन्यांची असते व ती संपण्यापूर्वी नूतनीकरणाचा अर्ज करावा. बॉयलर सांभाळणारा मनुष्य योग्यतेचे प्रमाणपत्र असलेलाच हवा. लेखी मंजुरीवाचून बॉयलरच्या रचनेत फेरफार करता येत नाही. अपघात झाल्यास २४ तासांच्या आत निरीक्षकास लेखी कळविणे बंधनकारक आहे.

सीमेवरील गिरण्यांसाठी विशेष सूचना

१ नोव्हेंबर १९५६ पूर्वी बालाघाट व भंडारा हे जिल्हे एकाच राज्यात होते. आज गोंदियाहून बालाघाटकडे येताना राज्य बदलते. स्वस्तात मिळाला म्हणून पलीकडचा वापरलेला बॉयलर ट्रकवर घालून आणणे सोपे वाटते. परंतु एका राज्यातून दुसऱ्या राज्यात नेलेला बॉयलर, त्या स्थलांतराची रीतसर खबर दिल्याशिवाय चालविता येत नाही. शिवाय असा बसविलेला बॉयलर जागेवरून हलविला की त्याचे जुने प्रमाणपत्र रद्द ठरते. विकत घेणाऱ्याने आधीच्या मालकाकडून प्रमाणपत्र मागून घ्यावे. ते देण्यास तो बांधलेला आहे. कागद नसलेला स्वस्त बॉयलर वस्तुतः सर्वांत महाग होय, कारण त्याच्या पत्र्याची झीज डोळ्यांना दिसत नाही.

नव्या कायद्याने काही किरकोळ उल्लंघनांवरील फौजदारी शिक्षा काढून दंडाची तरतूद केली आहे. तथापि, जीवित व मालमत्ता धोक्यात आणणाऱ्या चार गंभीर अपराधांबाबत फौजदारी शिक्षा कायम ठेवली आहे.

तपासणीच्या दिवशी गिरणी बंद राहते, मजुरीचा खोळंबा होतो, हे खरे. पण बॉयलरच्या शेजारी उभा राहून तूस घालणारा मजूर हा कोणाच्या तरी घरचा कर्ता असतो. सायंकाळी तो सुखरूप घरी परतावा, एवढ्यासाठीच हे सर्व नियम आहेत. ग्रामपंचायतींनी व गिरणीमालकांनी ते त्याच भावनेने पाळावेत, ही अपेक्षा.