खंडणीचं नाणं

या आठवड्यात पॅरिसच्या व्यापाऱ्यांचा पुढारी एतिएन मार्सेल याच्याकडे वळायचं कबूल केलं होतं. पण प्वातिएच्या लढाईवरच्या लेखावर एका निवृत्त बँक अधिकाऱ्यांचं पत्र आलं आणि माझी गाडी रुळावरून घसरली. ते विचारतात, ‘फ्रँक’ म्हणजे मुक्त. तर फ्रान्सचा राजा जाँ इंग्रजांच्या कैदेतून सुटला म्हणून फ्रँक नाण्याला हे नाव पडलं, हे खरं का? नाण्यांचा विषय निघाला की मला राहवत नाही. मार्सेलने आठवडाभर कळ काढावी.

राजाची कैद म्हणजे फार हाल होते असं समजू नका. त्याच्या इंग्लंडातल्या खर्चाच्या वह्या शिल्लक आहेत. त्यांत घोडे आहेत, ससाणे आहेत, बुद्धिबळाचा पट आहे आणि लाडक्या विदूषकासाठी केसाळ कातड्याची किनार लावलेल्या टोप्याही आहेत. लांगदॉकहून भेट आलेली वाईन उरली, तर ती लिंकनशरमध्ये विकून पैसे केले!

मे १३६० मध्ये ब्रेतिन्यीच्या तहात सुटकेची किंमत ठरली ३० लाख सोन्याचे एक्यू. पहिला हप्ता ६ लाखांचा. ओढूनताणून ४ लाख जमले आणि इंग्लंडचा राजा एडवर्डने तेवढ्यावर राजाला सोडलं. त्यासाठी अकरा-बारा वर्षांची राजकन्या इझाबेल मिलानच्या व्हिस्कोंतींच्या घरात दिली गेली. त्यांनी पैसे मोजले, फ्रान्सच्या राजघराण्याशी सोयरीक मिळवली.

बाकीची रक्कम रयतेच्या माथी. ५ डिसेंबर १३६० च्या काँपिएन्यच्या फर्मानाने मालाच्या विक्रीवर लीव्रमागे १२ दनिए, म्हणजे ५ टक्के कर बसला. वाइनवर तेरावा हिस्सा, मिठावर पाचवा. आणि याच फर्मानातून फ्रँक जन्माला आला. लीव्र होता मुळात हिशेबाच्या वहीतला. २० सू म्हणजे एक लीव्र, असं लिहायचं. पण त्या किमतीचं नाणं खिशात असेलच असं नव्हतं. फ्रँक बरोबर एका लीव्रचा. शिवाय जाँने वर्षानुवर्षं नाण्यांतली चांदी कमी करून लोकांचा विश्वास घालवला होता, तो अस्सल सोन्याने परत मिळवायचा होता.

हा फ्रँक आपल्या दहाच्या नाण्याहून किंचित रुंद, वजनाला मात्र निम्मा. चिलखत घातलेला राजा, उगारलेली तलवार, चौखूर उधळलेला घोडा, झुलीवर लिलीची फुलं. काचेआडून पहिल्यांदा पाहिला तेव्हा मला हसूच आलं. मागच्या लेखात आपण पाहिलं की प्वातिएला राजाने आपल्या सरदारांना घोड्यांवरून उतरवलं होतं. तो स्वतःही पायीच लढला, हातात कुऱ्हाड घेऊन, आणि पायीच पकडला गेला. टाकसाळीने त्याला पुन्हा घोड्यावर बसवलं.

आता नावाचं. नाण्यावर लॅटिनमध्ये कडेने कोरलंय: योहान्नेस, देवकृपेने ‘फ्रांकोरुम रेक्स’, म्हणजे फ्रँक लोकांचा राजा. नाव तिथून आलं असं काही म्हणतात, सुटकेवरून आलं असं बाकीचे. माझं मत विचाराल तर, पहिलं कारण साधं आहे आणि म्हणून मला जास्त पटतं. पण सुटून आलेल्या राजाच्या दरबारात दुसरा अर्थ कुणाच्या ध्यानात आला नसेल, हे संभवत नाही.

आणि मुक्त तरी किती दिवस? खंडणीच्या हमीसाठी इंग्रजांकडे ओलीस ठेवलेला जाँचा मुलगा, अँजूचा लुई, १३६३ मध्ये कॅलेहून निसटला तो परत गेलाच नाही. बापाने मानाचा प्रश्न केला आणि जानेवारी १३६४ मध्ये आपण होऊन कैदेत परतायला लंडन गाठलं. तिथे सॅव्हॉय राजवाड्यात ८ एप्रिलला तो वारला. खंडणी तेव्हाही फिटलेली नव्हती.

मार्सेल पुढच्या आठवड्यात. तोवर कुणी नाण्यांबद्दल पत्र लिहू नये, ही विनंती.