पुढचा ब्रेक आणि फोर्क

माझ्या पुतण्यानें आपल्या जुन्या मोटारसायकलीस पुढें डिस्क ब्रेक बसविला. चाक धरणारा फोर्क मात्र जुनाच राहूं दिला. ब्रेक दाबतांच गाडीचा भार पुढच्या चाकावर येतो. म्हणून थांबविण्याचें मुख्य काम त्याच चाकाचें. १९६९ सालीं होंडाच्या सीबी ७५० या गाडीस डिस्क ब्रेक पुढेंच दिला, तो याचसाठीं. परंतु हा सारा ताण फोर्कावर पडतो. स्प्रिंगा मऊ व तेल जुनें असल्यास फोर्क पूर्ण दबून बसतो. मग लहानशा खड्ड्यानेंही चाकाची पकड सुटते. पुतण्या असाच पडला. सुदैवानें केवळ मनगट मोडलें. तेव्हां ब्रेकचें बळ वाढवावयाचें असेल, तर आधीं फोर्काच्या नळ्या तपासाव्या, तेल बदलावें, भारास साजेशा स्प्रिंगा घालाव्या; ब्रेक त्यानंतर.